प्राथमिक शाळेची पारख

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्या अखत्यारीत आला. त्याआधीच्या पिढ्यांना शाळेची तपासणी म्हणजे 'दिपोटी'ची फेरी एवढेच ठाऊक होते. दिपोटी येणार अशी वर्दी आली की शाळा सारवली जाई, चुणचुणीत मुले पहिल्या रांगेत बसविली जात आणि साहेबांनी शेरेबुकात जे चार शब्द लिहिले असतील त्यांवर शाळेची वर्षभराची पत ठरे. आज परिस्थिती पुष्कळच बदलली आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये प्रत्येक सरकारी व स्थानिक संस्थेच्या शाळेत व्यवस्थापन समिती असणे आवश्यक ठरले. या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाचा विनियोग पाहणे ही कामे कायद्याने समितीकडे सोपविली आहेत. शाळा पारखण्याचा अधिकार अशा रीतीने पालकांच्या हाती आला. पारख कशी करावी, हा प्रश्न मात्र बव्हंशी अनुत्तरित राहिला.

या प्रश्नाला केवळ तात्त्विक महत्त्व आहे असे नव्हे. गावात शाळेविषयीचे मत पारावर बनते. भिंतींचा रंग, मुलांच्या गळ्यातील टाय, शिष्यवृत्तीधारकांच्या नावांचा फलक आणि तालुक्याच्या इंग्रजी शाळेची सकाळी फाट्यावर येऊन थांबणारी पिवळी गाडी, हे त्या मताचे मुख्य आधार असतात. चार घरांनी मुले काढून घेतली की त्याचा परिणाम केवळ त्या चार घरांपुरता राहत नाही. अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या ६० पर्यंतच्या पटास दोन शिक्षक आणि ६१ ते ९० पटास तीन शिक्षक असावे लागतात. ६३ पटाच्या शाळेतून चार मुले गेली तर तिसऱ्या पदाचा आधारच डळमळीत होतो. पद गेले की अध्यापन ढासळते, अध्यापन ढासळले की आणखी मुले जातात. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांबाबत समूह शाळांचे प्रस्ताव मागविण्यात आले, तेव्हा अशा शाळांचे भवितव्य हा राज्यभर चर्चेचा विषय झाला होता. चांगली शाळा चुकीच्या पारखीमुळे ओस पडणे आणि निकृष्ट शाळा रंगरंगोटीच्या बळावर मिरवणे, या दोन्ही गोष्टींची किंमत ज्या घरांना मूल दुसरीकडे पाठविणे परवडत नाही त्यांनाच मोजावी लागते.

पट आणि हजेरी

शाळेच्या पारखीस आरंभ करावयाचा तो अनुपस्थित मुलांपासून. जनरल रजिस्टरातील पट आणि प्रत्यक्ष वर्गात बसलेली मुले यांतील अंतर किती मोठे असू शकते, हे ऑक्टोबर २०११ मधील राज्यव्यापी पटपडताळणीने दाखवून दिले. तीन दिवस एकाच वेळी सर्वत्र मुलांची मोजणी झाली, बोटाला शाई लावण्यात आली आणि कागदोपत्री असलेली लाखो मुले प्रत्यक्षात आढळली नाहीत. त्यानंतर विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर नोंदविली जाऊ लागली. तथापि, संगणकात नाव असणे आणि मूल बाकावर असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे आजही खरे आहे.

समिती सदस्याने झेंडावंदनाच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या दिवशी मुले मोजून काही कळत नाही. एखाद्या साध्या दिवशी, शक्यतो आठवडी बाजाराच्या दिवशी, डोकी मोजावीत. मग ती संख्या हजेरीपटाशी आणि शालेय पोषण आहाराच्या नोंदवहीशी ताडून पाहावी. तीन आकडे जुळले तर शाळेच्या कारभाराविषयी पुष्कळ काही समजते. न जुळले तर त्याहून अधिक समजते. जी मुले नाहीत त्यांची नावे विचारावीत. शिक्षकाला ती न पाहता सांगता आली आणि प्रत्येकाचे कारणही सांगता आले, तर त्या शाळेत मुलांकडे लक्ष आहे असे खुशाल समजावे. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहिलेली तिसरीतली मुलगी आणि तापाने निजलेला मुलगा हजेरीपटात सारखेच दिसतात. शिक्षकाच्या लेखी ती सारखी नसावीत.

बीड जिल्ह्यासारख्या ऊसतोडणी कामगारांच्या भागात ही परीक्षा अधिक कठोर होते. दिवाळीच्या सुमारास कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि गाळप हंगाम संपल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. शैक्षणिक वर्षाचा निम्मा भाग मुले फडावर असतात. अशा गावात जुलैमधील उपस्थितीवरून शाळेचा दर्जा ठरविणे व्यर्थ होय. डिसेंबरमध्ये किती मुले गावात राहिली, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत गेली होती काय, आजी-आजोबांपाशी राहिलेल्या मुलांची रात्रीची सोय कोणी पाहिली आणि एप्रिलमध्ये परतलेल्या मुलांना कोणत्या टप्प्यावरून शिकविण्यास सुरुवात झाली, ही तेथील खरी तपासणी आहे.

वाचन कोणते?

यानंतर वाचनाकडे वळावे. पाहुण्यांपुढे पाठ्यपुस्तकातील धडा घडाघडा वाचणारे मूल पाहून समाधान मानण्याची चूक सर्वत्र घडते. कित्येकदा तो धडा मुलाला पाठ असतो. पान झाकले तरी वाचन चालूच राहते. यास्तव मुलाने पूर्वी न पाहिलेला मजकूर द्यावा. एस. टी. ची पाटी, ग्रामपंचायतीची नोटीस, बियाण्याच्या पिशवीवरील सूचना, काहीही चालेल. मुलाने एखादे जोडाक्षर अडखळत वाचले तरी बिघडत नाही. वाचून झाल्यावर त्यातील मजकुराविषयी एक साधा प्रश्न विचारावा. उत्तर स्वतःच्या शब्दांत आले तर ते वाचन. नाही तर तो केवळ अक्षरांचा उच्चार.

अशाच साध्या साधनांनी 'असर' या नावाने ओळखली जाणारी पाहणी २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात केली जाते. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढेच तिचे वाचनाचे साहित्य. २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या ४२.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. करोनाकाळात शाळा दीर्घकाळ बंद राहिल्याचा तो परिणाम होता हे मान्य करूनही, शाळेत जाणे आणि शिकणे यांतील अंतर त्यातून स्पष्ट होते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास समजपूर्वक वाचन व मूलभूत गणित यावे, असे उद्दिष्ट ठरविले ते याच अनुभवावरून.

वह्याही पाहाव्यात, परंतु अक्षराच्या वळणासाठी नव्हे. वर्गातील पंचवीस वह्यांत तीच सहा वाक्ये त्याच क्रमाने असतील तर ती फळ्यावरून उतरविलेली आहेत. ज्या वहीत 'आमची शेळी काल व्याली' असे अशुद्ध का होईना पण मुलाचे स्वतःचे वाक्य आहे आणि शिक्षकाने ते सुधारून पुन्हा लिहून घेतले आहे, त्या वहीत शाळेचे खरे काम दिसते. लाल शाईच्या 'पाहिले' या शेऱ्याला फारसे मोल देण्याचे कारण नाही.

गणितात दोन संख्या सांगाव्यात. 'चारशे दोन' अंकांत लिहावयास सांगितल्यावर अनेक मुले '४००२' लिहितात, कारण त्यांना स्थानिक किंमत कळलेली नसते. 'त्रेसष्ट' लिहावयास सांगितल्यावर '३६' लिहिणारी मुलेही आढळतात. मराठीत बोलताना तीन आधी येतात व साठ मागून, लिहिताना मात्र सहा आधी. मुलाचा गोंधळ स्वाभाविक आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' असे संख्यावाचन सुचविण्यात आले तेव्हा राज्यात बरेच वादंग माजले, पण त्या सूचनेमागील अडचण खरी होती. मुलाने चूक केली म्हणून शाळेस दोष देऊ नये. ही चूक कोणकोणती मुले करतात हे शिक्षकाला ठाऊक आहे काय, आणि तीलीचे गठ्ठे, मणी किंवा दशकदांडे हाती देऊन ती दूर करण्याचा प्रयत्न झाला आहे काय, ते पाहावे. गणित पेटी कुलूपबंद कपाटात कोरी करकरीत राहिली असेल, तर साहित्य उपलब्ध असल्याच्या नोंदीला अर्थ उरत नाही.

दुसरा वर्ग काय करतो?

दोन शिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. शिक्षक पहिलीच्या मुलांना अक्षरे गिरवून घेत असताना तिसरीची मुले काय करीत आहेत, हा एकच प्रश्न शाळेचा दर्जा जितका उघड करतो तितका अन्य कोणताही करीत नाही. सदस्याने मागच्या भिंतीला टेकून अर्धा तास मुकाट बसावे. तिसरीची मुले हाताची घडी घालून गप्प असतील तर त्या शाळेत शिस्त आहे, शिक्षण मात्र थांबले आहे. पाढे घोकत असतील तर वेळ भरून काढला जात आहे. गटागटाने कार्डे लावीत, एकमेकांचे वाचून पाहत, चुकले तर आपसांत वाद घालीत बसली असतील, तर थोडा गलका झाला तरी हरकत नाही. त्या शिक्षकाने आदल्या दिवशी तयारी केलेली आहे. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमधील शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्गाची जमीन, भिंती आणि खडे-बिया यांचा अध्यापनासाठी केलेला उपयोग राज्यभरातील शिक्षक पाहून गेले, ते याच कारणासाठी. दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी फरशीवरील रंगीत आखणी तेवढी उचलली गेली आणि तिच्यावर बसून मुलांनी काय करावयाचे ते मागेच राहिले.

भौतिक सुविधांची तपासणी त्या मानाने सोपी आहे. स्वच्छतागृह आहे किंवा नाही यापेक्षा त्याची किल्ली कोठे असते आणि आत पाणी आहे काय, हे विचारावे; उत्तर मुलींकडून घ्यावे. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य आणि ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. सदस्याने पंगतीत बसून जेवल्यास त्याची खातरजमा आपोआप होते.

तुलना कोणाशी?

सर्व शाळांना एकाच निकालाच्या पट्टीने मोजण्याचा मोह जुना आहे. इंग्लंडमध्ये १८६२ पासून निरीक्षकासमोर मुले वाचन, लेखन व अंकगणितात उत्तीर्ण झाली तरच शाळेस अनुदान मिळे. मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांनाही तशीच निकालावर पैसे देण्याची पद्धत लागू करण्यात आली होती. परिणाम असा झाला की शिक्षक परीक्षेपुरते घोकून घेऊ लागले आणि मंदगती मुले त्यांना ओझे वाटू लागली. आजही शिष्यवृत्तीच्या चार मुलांसाठी सुटीतही जादा तास होतात आणि अक्षरओळख नसलेली सहा मुले शेवटच्या बाकावर बसून असतात, असे चित्र काही ठिकाणी दिसते. फलक मात्र त्या चौघांचाच लागतो.

नंदुरबारमधील पावरी किंवा मेळघाटातील कोरकू बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा शाळेची मराठी त्याला जवळजवळ परकी असते. लमाण तांड्यावरील मुलाची गोष्टही याहून फार निराळी नाही. अशा शाळेची तुलना पुण्याजवळच्या शाळेशी करण्यात न्याय नाही. तिची तुलना तिच्याशीच व्हावी: जुलैमध्ये पहिलीत आलेले हे मूल काय जाणत होते आणि तिसरीत आल्यावर काय जाणते? शिक्षकाने पहिल्या वर्षी मुलांची बोली वापरली काय, बोलीतील गोष्टी सांगू दिल्या काय, हेही त्या पारखीत यावे. त्याचबरोबर शाळेच्या हातात नसलेल्या गोष्टी तिच्या माथी मारू नयेत. जनगणना, निवडणुका व आपत्ती निवारण यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांस देऊ नयेत असे अधिनियम सांगतो. तरीही माहिती भरण्यात शिक्षकाचे किती दिवस गेले आणि रिक्त पद किती महिने भरले गेले नाही, याची नोंद पारख करणाऱ्याने ठेवलीच पाहिजे.

समितीचे इतिवृत्त

ही सारी पाहणी समितीच्या सभेत आली नाही तर तिचा उपयोग नाही. अनेक गावांत सभा कागदावर होते आणि सह्यांसाठी वही घरोघरी फिरते. महिला सदस्यांची सही त्यांच्या घरचा पुरुष करतो, हेही सर्वांना ठाऊक असते. सभा मजुरीची वेळ सोडून सायंकाळी घेतली तर पालक येतात, असा अनुभव आहे. इतिवृत्तात 'शैक्षणिक प्रगतीबाबत समाधान व्यक्त करण्यात आले' असे वाक्य लिहिण्याऐवजी, उदाहरणार्थ, 'तिसरीच्या चौदा मुलांपैकी पाच मुलांना अपरिचित मजकूर वाचता येत नाही. त्यांपैकी दोघे ऊसतोडणीहून परतलेले आहेत' असे लिहावे. मुलांची नावे सभेत जाहीरपणे पुकारू नयेत. ती मुख्याध्यापकांच्या नोंदीत असणे पुरेसे आहे. मग त्या पाच मुलांसाठी कोणता शिक्षक किती वेळ देणार, गावातील एखादी शिकलेली मुलगी संध्याकाळी गोष्टीचे पुस्तक वाचून घेऊ शकेल काय, हे तेथल्या तेथे ठरते. रिक्त पद, गळके छप्पर, हंगामी वसतिगृह हे विषय ठरावाद्वारे पंचायत समितीकडे जातात आणि त्यांना वेळ लागतो. त्या ठरावांचा पाठपुरावा सरपंचांनी करावा. दरम्यान पाच मुलांचे वाचन पुढील सभेपूर्वी पुन्हा ऐकण्याचे काम मात्र समितीकडेच राहते, आणि त्याला कोणाच्या मंजुरीची गरज लागत नाही.