दोर किती भार तोलतो? फांद्या उतरविताना करावयाचा हिशेब



ऊस खाली होताना गव्हाणीवरच्या क्रेनवर ‘एस.डब्ल्यू.एल.’ ही अक्षरे आणि पुढे टनांचा आकडा आपण पाहिला असेल. त्याचा अर्थ ‘सुरक्षित कार्यभार’. क्रेन मोडेल असा हा भार नव्हे; रोज निर्धास्तपणे उचलावा असा हा भार. क्रेन, साखळी व दोर यांवर हा आकडा ठळक लिहावा आणि त्यापलीकडे भार देऊ नये, हा दंडक 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 29 ने घालून दिला.

बांधावरच्या झाडाला मात्र हा हिशेब कोणी लावीत नाही. मोटरघरावर किंवा विहिरीवर आलेली फांदी उतरवायची ठरली, की “सोल चांगला जाड हाय, धरतोय की!” एवढ्यावर कुऱ्हाड चालू होते. पण दोराखाली नुसते मोटरघर नसते, आपला माणूसही असतो.

दहावा हिस्सा धरा. 12 मि.मी. जाडीचा, तीन पेडी पॉलिप्रॉपिलीनचा नवा दोर सुमारे 2000 किलोला तुटतो. म्हणून तो 2000 किलो उचलील असे नाही. गाठ मारली की दोराची तिसरा हिस्सा ते निम्मी ताकद जाते. ऊन, घासणे आणि झटके यांनी आणखी घटते. म्हणून झाडाच्या कामात तुटण्याच्या भाराचा दहावा हिस्सा, म्हणजे इथे 200 किलो, हाच सुरक्षित भार समजावा.

आधी ओंडक्याचे वजन काढा. ओले लाकूड जवळजवळ पाण्याइतके जड धरावे. सोपी रीत अशी: ओंडक्याचा व्यास फुटांत घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग लांबीने गुणा व शेवटी 22 ने गुणा. उत्तर किलोत येते.

1 फूट व्यासाचा, 10 फूट लांब ओंडका: 1 × 1 × 10 × 22 = 220 किलो. म्हणजे वरचा दोर याला अपुराच. व्यास दीड फूट झाला तर हाच आकडा 495 किलोवर जातो. जाडी दीडपट, पण वजन सव्वादोनपट! ओंडका 5 फुटांचा केला तर वजन निम्मे होते. म्हणून जाड दोर शोधण्याआधी तुकडे लहान करा. पानोळा असेल तर त्याचे वजन वेगळे धरा.

झटका टाळा. वरचे आकडे हळू टांगलेल्या भाराचे आहेत. तुटलेली फांदी चार-पाच हात खाली येऊन दोराला हिसका देते, तेव्हा ताण वजनाच्या कित्येक पट होतो. दोर आधीच ताणून धरावा, ढील ठेवू नये.

कप्पीवर दुप्पट भार. दोर वरच्या कप्पीवरून घेऊन खाली माणसांनी धरला, तर एका बाजूला ओंडका व दुसऱ्या बाजूला ओढ, असे दोन्ही ताण कप्पीवर येतात. 100 किलोच्या ओंडक्याला कप्पीची बांधणी आणि तिची फांदी जवळजवळ 200 किलो तोलते. झाडावर चढलेल्या माणसाने आपला दोर त्या फांदीला कधीही बांधू नये.

दोन दोरांचा कोन. 200 किलो दोन उभ्या दोरांनी धरले तर प्रत्येकावर 100 किलो येतात. दोरांमधला कोन 90 अंश झाला की प्रत्येकावर 141 किलो, आणि 120 अंश झाला की पुरे 200 किलो! दोर जितके फाकतील तितका ताण वाढतो.

एवढे पाळा :

1. दोर, कप्पी, शॅकल, साखळी यांपैकी सर्वांत कमी ताकदीच्या वस्तूचा भार तोच साऱ्या बांधणीचा भार समजावा.
2. जनावरांचे दावे, कासरा किंवा तुटलेला पेड असलेला दोर या कामाला घेऊ नये.
3. मोठा हिसका बसलेला दोर पुन्हा वजन टांगायला वापरू नये.
4. टांगलेल्या ओंडक्याखाली आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. तुटलेला दोर चाबकासारखा येतो.
5. दोर नवा आणला की त्याची जाडी आणि सुरक्षित भार चिठ्ठीवर लिहून ती टोकाला बांधावी.

क्रेनवर आकडा असतो, तसा आपल्या घरच्या दोरावरही असू द्या. हिशेबाला पाच मिनिटे लागतात. तेवढा वेळ खालच्या माणसासाठी काढलाच पाहिजे.