‘तारण’ आणि ‘नजात’ : ख्रिस्ती शेजाऱ्याची श्रद्धा समजून घेताना





अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेजारी राहत आली आहेत. आपली मुले मिशनच्या शाळांत शिकली, आपले रुग्ण बूथ हॉस्पिटलमध्ये बरे झाले. अशा सहवासात कधीतरी एखादा ख्रिस्ती मित्र आपल्या मुलाला विचारतो, “तुझे तारण झाले आहे का?” मूल गोंधळते. काही मुले गप्प बसतात, तर काही मोठ्यांकडून ऐकलेले थट्टेचे उत्तर देऊन मोकळी होतात. या दोन्ही गोष्टी मोमिनाला शोभत नाहीत. ग्रंथधारकांशी चर्चा करावयाची ती उत्तम रीतीनेच, अशी शिकवण सूरह अन्कबूतच्या ४६ व्या आयतीत आहे. कोणाविषयी मनात वैर असले तरी न्यायापासून ढळू नये, अशी ताकीद सूरह माइदाच्या ८ व्या आयतीत आहे. दुसऱ्याची श्रद्धा तो स्वतः मानतो तशीच मांडणे ही या न्यायाची पहिली पायरी होय. म्हणून या पाठात ख्रिस्ती ‘तारण’ म्हणजे काय, ते कसे मिळते असे ख्रिस्ती लोक मानतात आणि आपली श्रद्धा त्याहून कोठे वेगळी आहे, हे क्रमाने पाहू.

आपल्या जिल्ह्यातील पार्श्वभूमी

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगर येथे कार्य सुरू केले. १८४२ मध्ये या मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक येथूनच निघू लागले. पुढे खेडोपाडी ज्यांनी हा धर्म स्वीकारला त्यांत महार व मांग समाजातील कुटुंबे मोठ्या संख्येने होती. ज्यांना गावचा पाणवठा बंद होता आणि देवळाची पायरी चढण्याची मनाई होती, त्यांच्या दृष्टीने ‘तारण’ हा शब्द केवळ मरणानंतरच्या जीवनापुरता नव्हता. त्यात मुलाच्या हातातील पाटी होती आणि प्रार्थनेच्या वेळी इतरांच्या शेजारी बसण्याची मुभाही होती. हे समजल्याशिवाय आपल्या शेजाऱ्याच्या मनात या शब्दाला एवढा जिव्हाळा का, हे उमगणार नाही.

सुशिक्षितांतील प्रसिद्ध उदाहरण कवी नारायण वामन टिळक यांचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर अनेक वर्षे नगर हीच त्यांची कर्मभूमी राहिली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सुरुवातीस त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या व काही वर्षांनी त्यांनीही तो धर्म स्वीकारला. त्या काळातील घराची ताटातूट त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात सांगितली आहे.

‘तारण’ हा शब्द

मराठीत तारण या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. पहिला कर्जाच्या व्यवहारातला : दागिने तारण ठेवून कर्ज काढतात. दुसरा ‘तारणे’ या क्रियापदातून आलेला, म्हणजे बुडणाऱ्याला वाचवून पैलतीरी नेणे. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या मराठी भाषांतरात हा दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. तरीही त्यांची शिकवण समजावून घेण्यास कर्जाचीच उपमा सोयीची आहे, कारण त्यांच्या ग्रंथातही ऋण आणि खंडणी यांचे दाखले येतात.

ख्रिस्ती शिकवण काय सांगते?

पहिली गोष्ट : आदमच्या आज्ञाभंगामुळे पाप जगात आले आणि सर्व मानवजात त्याच्या सत्तेखाली आली, असे ते मानतात. मनुष्य केवळ चुका करतो असे नव्हे, तर त्याचा स्वभावच पापाकडे झुकलेला आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हा विचार विस्ताराने येतो.

दुसरी गोष्ट : परमेश्वर पवित्र व न्यायी आहे, म्हणून तो पापाकडे डोळेझाक करीत नाही. पापाचे फळ मृत्यू, म्हणजे परमेश्वरापासून कायमचा दुरावा. हे कर्ज इतके मोठे की मनुष्य ते स्वतः कधीच फेडू शकत नाही.

तिसरी गोष्ट : परमेश्वर प्रेमळही आहे. म्हणून त्याने येशूच्या रूपाने स्वतःच ते कर्ज फेडले, असे ते मानतात. त्यांच्या श्रद्धेनुसार येशूने वधस्तंभावर मानवजातीच्या पापांचे प्रायश्चित्त केले आणि तिसऱ्या दिवशी पुनरुत्थित होऊन मृत्यूवर जय मिळविला.

चौथी गोष्ट : हे तारण कमावता येत नाही, ते कृपेने मिळते. मनुष्याने पश्चात्ताप करावा, येशूवर विश्वास ठेवावा, तो प्रभू आहे असे उघडपणे कबूल करावे आणि नव्या जीवनाला आरंभ करावा. बाप्तिस्मा ही त्याची खूण व दीक्षा होय.

तपशिलात मात्र ख्रिस्ती पंथांचे एकमत नाही. कॅथॉलिक पंथात बाप्तिस्म्यापासून सुरू होणारे संस्कार आणि कृपेच्या साहाय्याने घडणारी सत्कर्मे यांना तारणाच्या वाटचालीत मोठे स्थान आहे. प्रोटेस्टंट पंथ केवळ विश्वासानेच मनुष्य निर्दोष ठरतो, यावर भर देतात. या प्रश्नावरून सोळाव्या शतकात युरोपातील चर्च दुभंगले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी लुथरन व कॅथॉलिक प्रतिनिधींनी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे या विषयावरील संयुक्त निवेदनावर स्वाक्षऱ्या केल्या. ज्या मुक्तिफौजेचे बूथ हॉस्पिटल आहे, तो पंथ तर बाप्तिस्म्याचा विधीच करीत नाही. अंतःकरणातील परिवर्तन हाच खरा बाप्तिस्मा, असे तो मानतो.

दोन गैरसमज

आपल्याकडे दोन गोष्टी सर्रास ऐकू येतात. एक अशी की, ख्रिस्ती माणसाने विश्वास ठेवला की तो वाटेल ते पाप करण्यास मोकळा. हे त्यांच्या शिकवणीचे विपर्यस्त रूप आहे. कृतीविना विश्वास निर्जीव होय, असे त्यांच्याच ग्रंथातील याकोबाचे पत्र सांगते. सत्कर्म हे तारणाचे मोल नसून त्याचे फळ आहे, असे प्रोटेस्टंटही मानतात. दुसरा समज असा की, श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावच्या मतमाउली यात्रेस जाणारे कॅथॉलिक भाविक हजरत मरयम यांना तारणारी मानतात. त्यांच्या अधिकृत शिकवणीनुसार तारणारा येशूच. मरयम यांना ते आपल्यासाठी विनवणी करण्याची गळ घालतात. आपण अल्लाहखेरीज कोणाला असे साकडे घालीत नाही, हा फरक सांगावा; पण ते जे मानत नाहीत ते त्यांच्या माथी मारू नये.

आपली श्रद्धा

आता आपला विचार पाहू. ख्रिस्ती शिकवणीशी आपले काही बाबतींत साम्य आहे. आपल्या कर्मांच्या बळावर आपण स्वर्ग विकत घेऊ, असे इस्लामही म्हणत नाही. अल्लाहच्या कृपेवाचून कोणाचेही कर्म त्याला स्वर्गात नेणार नाही, स्वतः आपल्यालाही त्या कृपेचाच आधार आहे, या आशयाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

फरक आहे तो त्या कृपेच्या वाटेबाबत. सूरह बकरहच्या ३७ व्या आयतीनुसार हजरत आदम (अलै.) यांनी आपल्या पालनकर्त्याकडून तौबाचे शब्द शिकून घेतले आणि त्यांची तौबा कबूल झाली. तेथेच ते प्रकरण मिटले. म्हणून मूल जन्मतःच कोणाचे पाप घेऊन येत नाही. सूरह नज्मच्या ३८ व ३९ व्या आयती सांगतात की, कोणी दुसऱ्याचा भार वाहणार नाही आणि मनुष्याला त्याच्याच प्रयत्नाचे फळ आहे. हजरत ईसा (अलै.) यांना ना ठार केले गेले, ना सुळावर चढविले गेले, असे सूरह निसाच्या १५७ व्या आयतीत स्पष्ट आहे. ते अल्लाहचे दास, त्याचे प्रेषित व मसीह आहेत. त्याचे पुत्र नव्हेत.

कर्जाच्या उपमेतच सांगायचे तर, ख्रिस्ती शिकवणीनुसार सावकाराने स्वतः मोल मोजून कर्ज चुकते केले. आपली श्रद्धा अशी की, ज्याचे देणे आहे तो गफूर व रहीम आहे. ऋणको खऱ्या पश्चात्तापाने दारी आला तर कोणाचेही मोल न घेता तो खाते माफ करू शकतो. निराश होऊ नका, असे सूरह जुमरच्या ५३ व्या आयतीतील आवाहन याच अर्थाचे आहे.

आपली स्वतःची झडती

परंतु येथे थांबून चालणार नाही. सूरह निसाच्या १२३ व्या आयतीत सांगितले आहे की, निर्णय ना तुमच्या इच्छेवर होईल, ना ग्रंथधारकांच्या. जो वाईट करील तो त्याचे फळ भोगील. ‘तुमचे’ तारण फुकटचे म्हणून हसणारे आपण, मुस्लिम घरात जन्मलो एवढ्यानेच नजात पदरात पडली असे तर समजत नाही ना? मयताच्या नावाने जेवणावळी घालून, त्याने बहिणीचा बुडविलेला वारसा मिटतो असे तर मानत नाही ना? सहीह मुस्लिममधील हदीसनुसार खरा दिवाळखोर तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे व जकात घेऊन येईल; पण ज्याला शिवी दिली, ज्याचा माल खाल्ला, ज्याला मारले, त्या सर्वांना त्याची पुण्ये वाटली जातील आणि शेवटी त्यांची पापे त्याच्या अंगावर पडतील. अल्लाहचे देणे अल्लाह माफ करील. माणसांचे देणे माणसांकडेच फेडावे किंवा माफ करून घ्यावे लागते.

आणखी एक प्रश्न आहे. या जिल्ह्यातील वंचितांना समानतेचे स्थान मिशनच्या बाकावर दिसले. एका सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहण्याची शिकवण आपल्याकडे होती. मग आपल्या ओट्यावर त्यांना ती का दिसली नाही? आजही लग्नाची बोलणी करताना बिरादरी पाहणाऱ्यांनी याचा विचार करावा.

वर्तन कसे असावे?

हजरत जाफर बिन अबू तालिब (रजि.) यांनी हबशाच्या ख्रिस्ती राजापुढे सूरह मरयमचा प्रारंभ ऐकविला, तेव्हा राजाचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी हजरत ईसांविषयी विचारले गेले तेव्हा ते परक्या मुलुखात आश्रित होते. तरी त्यांनी आपली श्रद्धा ना लपविली, ना यजमानाचा उपमर्द केला. आपल्यापुढे हाच आदर्श असावा. घरातील कोणी वेगळ्या वाटेने गेले तरी नाते तोडू नये. शिर्कसाठी दबाव आणणाऱ्या आईबापांचे ऐकू नये, पण त्यांच्याशी या जगात भलेपणानेच वागावे, असे सूरह लुकमानची १५ वी आयत शिकविते.

घरातील अभ्यासासाठी : (१) ख्रिस्ती शिकवणीतील चार गोष्टी मुलांकडून त्यांच्या शब्दांत सांगून घ्या. (२) हजरत आदम (अलै.) यांच्या तौबाविषयीच्या आयती मिळून वाचा. (३) ज्या माणसाचे देणे आपल्याकडे राहिले आहे, त्याचे नाव आठवा आणि या महिन्यात ते फेडा.

दररोज पाच वेळा अजानमधून ‘फलाह’कडे, म्हणजे साफल्याकडे येण्याची हाक येते. ती ऐकून उठण्याची आणि शेजाऱ्याविषयी सत्यच बोलण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांस देवो. आमीन.