मायक्रोग्रीन्सची खोली : भिंतीला मायलर की पांढरा रंग?
मायक्रोग्रीन्सच्या व्हिडिओनंतर तुम्ही सगळ्यात जास्त विचारलंत ते हेच, की भिंतींना चकाकणारी मायलर शीट लावू का?

बघा, एलईडीचा जो प्रकाश ट्रेच्या बाहेर पडतो, तो गडद भिंत पिऊन टाकते. चांगलं मायलर त्यातला ९० टक्क्यांच्या वर परत फेकतं. पण साधा मॅट पांढरा रंगही ८०-८५ टक्के परत देतो, तोही सगळीकडे सारखा पसरवून. म्हणून पहिल्या खोलीला रंगच द्या आणि वाचलेल्या पैशात पंखा घ्या.

मी उलटं केलं होतं. ऐन पावसाळ्यात, ओल आलेल्या भिंतीवर शीट चिकटवली. वास सुटला तेव्हा कळलं, मागे बुरशी धरलीय. मुळ्याचे सगळे ट्रे फेकले, हॉटेलची ऑर्डरही गेली. शीट लावायचीच असेल, तर लाकडी पट्ट्यांवर ताणून लावा, मागे बोटभर जागा सोडा.

स्वयंपाकघरातली फॉइल मात्र नकोच. सुरकुत्या पडतात हे एक, आणि एखादी वायर उघडी असेल तर सगळ्या भिंतीत करंट!

रंगाच्या आधी आणि नंतर, कोपऱ्यातल्या ट्रेवर मोबाईल ठेवून लक्स मीटर ॲपचं रीडिंग घ्या. दोन्ही आकडे वहीत लिहा.