अण्णांची आंघोळ

माझे वडील, अण्णा, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. मधुमेह आधीपासून होताच. पुढे ते असेपर्यंत त्यांना आंघोळ घालणं, त्यांचे दात घासणं, नखं कापणं हे माझ्याकडे आलं. तोवर स्वच्छ माणूस म्हणून मी स्वतःवर बऱ्यापैकी खूश होतो. दोन वेळा आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, गाडीत सॅनिटायझरची बाटली. दुसऱ्याचं अंग धुवायला बसल्यावर त्या खुशीचं काय झालं, ते इथे लिहून ठेवतोय.

१. आपण आंघोळ करतो म्हणजे नेमकं काय करतो, हे मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं. स्वतःच्या आंघोळीत हात आपोआप फिरतात, डोकं भलतीकडेच असतं. अण्णांसमोर बादली घेऊन बसलो तेव्हा पहिला प्रश्न पडला, सुरुवात कुठून करायची? ते ज्ञान मिळालं रुग्णसेवेच्या ब्युरोतून आलेल्या मावशींकडून. आधी डोळे, नुसत्या पाण्याने, नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेर; दुसऱ्या डोळ्याला फडक्याचं दुसरं टोक. मग चेहरा, मान, हात, छाती, पाठ, पाय. जांघा आणि शौचाची जागा सगळ्यात शेवटी, त्याआधी पाणी बदलायचं. स्वच्छ जागेकडून मळक्या जागेकडे जायचं, उलटं नाही. इतकं साधं तत्त्व, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. पुढे एकदा स्वतःच्या आंघोळीवर पाळत ठेवली. जन्मभर मी गळ्यापासून कमरेपर्यंतच आंघोळ करत आलो होतो. पायांना वरून ओघळलेलं पाणी मिळायचं, कानामागच्या जागेला तेही नाही.

२. हात धुणं हा स्वच्छतेपेक्षा मानापमानाचा प्रश्न जास्त आहे. मावशी आल्या की पिशवी खुंटीला अडकवून थेट मोरीत जायच्या, कोपरापर्यंत हात धुवून मगच अण्णांकडे. मी ऑफिसातून येऊन अण्णांच्या उशाशी बसलो की म्हणायच्या, "दादा, आधी हात. आन् ती अंगठी काढा की, तिच्याखाली काय काय ऱ्हातंय." मला राग यायचा. सॅनिटायझर लावलेलं असायचं ना! (हाताला मळ किंवा तेलकटपणा असेल तर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही, आणि जुलाब-उलट्या करणारे काही विषाणू त्याला दादही देत नाहीत, हे नंतर वाचलं.)

त्याच सुमारास सेमेलवाइस या डॉक्टरची गोष्ट वाचनात आली. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन कक्ष होते, एक डॉक्टर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा, दुसरा सुइणींचा. १८४६ साली डॉक्टरांच्या कक्षात शंभरातल्या अकराएक बाळंतिणी दगावल्या, सुइणींच्या कक्षात तीनही नाहीत. डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून तशाच हातांनी बाळंतपणाला यायची. १८४७ मध्ये सेमेलवाइसने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरीही बऱ्याच बड्या डॉक्टरांना ते पटलं नाही. जंतूंचा सिद्धांत अजून यायचा होता, हे खरंच. पण सभ्य, शिकल्यासवरल्या माणसाचे हात मरण घेऊन येतात, हे ऐकून घ्यायचं कुणी? सेमेलवाइस १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात गेला, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, जखम चिघळून. मावशींवर मला आलेला राग त्याच जातीचा होता.

गंमत म्हणजे अण्णा स्वतः हात धुण्याच्या बाबतीत कर्मठ. वर्कशॉपमधून आले की आधी रॉकेलची चिंधी, मग कपड्याच्या साबणाची वडी, मग नखांना ब्रश. पण त्यांना ग्रीस दिसायचं. मला माझ्या हातावर काहीच दिसत नव्हतं, म्हणून नळ लगेच बंद व्हायचा. साबण तळव्यांवर, हातांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याभोवती आणि नखांखाली फिरवायचा तर वीस सेकंद लागतात. करून बघा, वीस सेकंद म्हणजे बराच वेळ असतो.

३. धुण्यापेक्षा पुसणं अवघड. पाणी ओतायला कुणालाही येतं. काखा, जांघा, पोटाची घडी, पायाच्या बोटांमधली जागा कोरडी करायची तर धीर लागतो, आणि घासायचंही नाही, टिपायचं. म्हातारी कातडी कागदासारखी सोलते. सुरुवातीला मी पुसण्यात कसर सोडायचो आणि वरून टाल्कम पावडर भुरभुरायचो. घामाने तिचे गोळे व्हायचे आणि तेच गोळे कातडीला काचायचे. मावशींनी डबा उचलून कपाटावर ठेवला. साबणही रोज सगळ्या अंगाला नको म्हणाल्या. अंग टिपलं की लगेच खोबरेल तेलाचा हात, म्हणजे हिवाळ्यात पायांना भेगा पडत नाहीत. बोटांच्या बेचक्यांत मात्र तेल नाही.

अण्णांची कातडी टिपत असताना माझ्या जांघेत गजकर्ण झालं होतं, हे सांगायला हवं. पावसाळा, न वाळलेल्या चड्ड्या, घट्ट जीन्स, आणि आंघोळीनंतर ओल्या अंगावर कपडे चढवण्याची कॉलेजपासूनची सवय. मेडिकलवाल्याकडून आणलेल्या ट्यूबने दोन दिवसांत खाज थांबली आणि महिन्याभरात चट्टा मांडीवर पसरला. त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब हातात घेऊन नुसता उसासा टाकला. त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने खाज दबते, बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं. त्यांच्याकडे रोज असे कितीतरी लोक येतात म्हणे. उपचार पुष्कळ आठवडे चालले. सोबत सूचना: आपला टॉवेल वेगळा, अंतर्वस्त्रं रोज धुवून उन्हात किंवा इस्त्रीखाली पूर्ण वाळवलेली, कपडे सैल. आमच्या आजीच्या काळी पंचा रोज पिळून दोरीवर जायचा. आम्ही जाडजूड टर्किश टॉवेल आणले आणि ते आठवडाभर दारामागे दमट लटकत ठेवले. ह्याला मी प्रगती समजत होतो.

४. तोंड म्हणजे दात नव्हेत. अण्णांच्या खालच्या जबड्यात चार दात उरले होते आणि वर कवळी. चार दातांना काय घासायचं, असं मला वाटे. मग एकदा त्यांच्या तोंडाला विचित्र वास यायला लागला. टॉर्च घेऊन पाहिलं तर उजव्या गालात आदल्या दिवशीचा भात. लुळ्या बाजूला घास अडकतो, जीभ तिथे पोचत नाही, आणि माणसाला ते कळतही नाही.

फिजिओथेरपीसाठी येणाऱ्या मुलीने तेव्हा जे सांगितलं त्याने मी हादरलो. पॅरालिसिसच्या रुग्णाचं गिळणं बऱ्याचदा बिघडलेलं असतं. तोंडातली लाळ, अन्नाचे कण आणि त्यांतले जंतू नकळत श्वासनलिकेत उतरतात आणि त्यातून न्यूमोनिया होतो. घाण तोंड म्हणजे थेट फुप्फुसांचा प्रश्न. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं जेवणानंतर रहिवाशांची तोंडं साफ करून पाहिली होती. ज्यांची नियमित साफ केली त्यांच्यात न्यूमोनिया कमी झाला, आणि ज्यांना एकही दात नव्हता त्यांनाही फायदा झाला. २००२ साली हे प्रसिद्ध झालं. मी तोवर दात घासणं म्हणजे किडीचा आणि फार तर चारचौघांत बोलण्याचा मामला समजत होतो.

मग रोजचा क्रम ठरला. जेवण झालं की अण्णांना बसतं ठेवायचं, आडवं करायचं नाही. कवळी काढून ब्रशने घासायची, रात्री साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. गरम पाण्यात ती वाकडी होते. हिरड्या, टाळू आणि गालांची आतली बाजू ओल्या फडक्याने बोट फिरवून पुसायची. जीभ मऊ ब्रशने. पहिल्यांदा त्यांनी माझं बोट चावलं. चुकून की मुद्दाम, हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण डोळ्यांत मिश्कील काहीतरी होतं. या माणसाने मला लहानपणी अंगणात उकिडवं बसवून काळी दंतमंजन पावडर बोटाने घासायला लावली होती आणि मीही एकदा चावलो होतो, तेव्हा हिशेब पुरा झाला म्हणायचा.

माझ्याकडे वळलो तर काय दिसलं? सकाळी एकदा, अर्धा मिनिट, आडवा ब्रश. रात्रीचं घासणं जाहिरातीतल्या कुटुंबांसाठी असतं अशी समजूत. दंतवैद्यांनी हिरड्यांचं जे वर्णन केलं ते इथे देत नाही.

५. कानाला हात लावू नये. मळ आपला आपण बाहेर येतो. कापसाची काडी घातली की तो आत ठासला जातो. कानात तेल नको, किल्ली नको, काडेपेटीची काडी तर नकोच. एवढ्या एका अवयवाच्या बाबतीत माझा आळस शास्त्रशुद्ध निघाला.

६. पाय सगळ्यात दूर असतात आणि सगळ्यात शेवटी आठवतात. मधुमेहात पायाची संवेदना जाऊ शकते. खडा टोचला, चप्पल चावली, चटका बसला, काही कळत नाही. अण्णांना पाणी कडक लागायचं, हात लावला तर चटका बसेल इतकं. झटक्यानंतर मी तसंच काढलं होतं, त्यांच्या आवडीचं म्हणून. मावशींनी कोपर बुडवून पाहिलं आणि गार पाण्याची तांब्याभर धार सोडली. उजव्या पायाला फोड आला असता तरी त्यांनी "हाय" केलं नसतं. तेव्हापासून त्यांच्या पायांवर पाणी घेण्याआधी माझं कोपर. रोज रात्री तळवे उजेडात बघायचे, टाचा, बेचक्या. नखं सरळ रेषेत कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत. मधुमेह्याच्या पायाची छोटी जखम पाय कापण्यापर्यंत जाते, हे आपण ऐकलेलं असतं. रोज वाकून तळवा बघणारी माणसं किती, हा वेगळा प्रश्न. घरी आल्यावर पाय धुण्याची आपली रीत चांगलीच. तिच्यात पाय पुसणं आणि पाहणं एवढंच घालायचं.

७. स्वच्छता म्हणजे बरंचसं बघणंच, हे मला पाठीने शिकवलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ फुटते ती एका रात्रीत फुटत नाही. आधी माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर लाल ठिपका येतो. बोटाने दाबला तर साधा लालपणा क्षणभर पांढरा पडतो. जो पडत नाही तो धोक्याचा. त्यावर चोळायचं नाही, स्पिरिट लावायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, लघवीचा ओलावा राहू द्यायचा नाही, डायपर भरेपर्यंत वाट बघायची नाही. डायपर महाग म्हणून आम्ही थोडी ओढाताण करायचो. पाठीची जखम त्याहून महाग पडते, शेजारच्या इमारतीत पाहिली आहे. एअर बेड आणला म्हणजे सुटलो, असंही नाही; कूस बदलावीच लागते. हे सगळं दिसायचं आंघोळीच्या वेळी, कपडे उतरवलेले असताना. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे. अण्णांचं अंग रोज बघणारा घरातला मी एकटा.

स्वतःचं अंग मी असं कधी पाहिलं नव्हतं. आरशात पाहतो तो चेहरा आणि भांग. तीळ वाढला आहे का, तोंडात पांढरा चट्टा आहे का, तळव्याला चीर आहे का, हे बघायला वेळ लागत नाही. सवय लागते.

८. लाज हीसुद्धा धुवायच्या वेळी सांभाळायची गोष्ट आहे. ती इथे शेवटी आली खरी, पण अण्णांसाठी हीच पहिली होती. पहिले कित्येक दिवस ते आंघोळीच्या वेळी भिंतीकडे तोंड करायचे. मी मात्र उरकण्याच्या घाईत. मावशींनी एक जुनं धोतर दुहेरी करून अंगावर टाकलं आणि जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा केला. दार लावून घेतलं. प्रत्येक वेळी "आजोबा, आता पाठ हं" असं सांगूनच हात लावला. आणि भिजवलेलं फडकं त्यांच्या चालत्या डाव्या हातात दिलं. छाती, तोंड, जांघा ते स्वतः पुसायला लागले. वेळ दुप्पट लागायचा, पाणी जमिनीवर सांडायचं, माझी ऑफिसची बस चुकायची. पण भिंतीकडे बघणं थांबलं.

माझ्यापाशी शेवटी विनंती उरते ती एवढीच. तुमच्या घरात कुणी वडीलधारं असेल तर त्यांना आज, ती धडधाकट असतानाच विचारून ठेवा: पाणी किती गरम लागतं, साबण कोणता, डोक्यावर आधी घ्यायचं की पायांवर, अडलं तर आंघोळ घालायला कोण चालेल आणि कोण अजिबात नको. आम्ही अण्णांना यातलं काही विचारलं नव्हतं, आणि विचारायची वेळ आली तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं.