काळा पडदा : वरच्या प्राथमिक वर्गांसाठी एक निदानपाठ

आपल्या प्राथमिक शाळांतून संगणक आले, त्यास आता बरीच वर्षे लोटली. शाळाभेटीच्या वेळी जडवस्तुसंग्रह नोंदवही चाळताना मात्र एक शेरा वारंवार दृष्टीस पडतो : ‘संगणक १, बंद.’ बंद म्हणजे काय, केव्हापासून, कोणते लक्षण दिसून, याचा खुलासा क्वचितच असतो. चौकशी केली असता उत्तर मिळते, “साहेब, पडदा काळा पडला.” अशा संगणकांपैकी काही खरोखरच नादुरुस्त असतात, हे मान्य. परंतु काही केवळ निजलेले असतात, आणि त्यांना जागे कसे करावे हे ठाऊक नसल्यामुळे कापडाखाली झाकून ठेवलेले असतात. एका शाळेत असे एक यंत्र दिवाळीच्या सुटीपासून वार्षिक परीक्षेपर्यंत झाकलेले होते. दोष निघाला तो एवढाच की, मॉनिटरच्या मागील केबल झाडलोट करताना सैल झाली होती. त्या वर्षीची सातवीची मुले संगणकास हात न लावताच हायस्कुलात गेली.

हे निदान शिक्षकांस करता यावे, आणि तेच वर्गात एक पाठ म्हणून घेता यावे, अशा दुहेरी हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. काही काळ कोणी कळ दाबली नाही, की संगणक आपण होऊन निद्रावस्थेत जातो. पंखा थांबतो, पडद्याकडे जाणारा संकेत बंद होतो. मात्र रॅमला, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीला, किंचित वीज मिळत राहते व उघडलेले काम तेथे टिकून असते. मॉनिटर हे स्वतंत्र यंत्र होय. त्याची वीज वेगळी, बटन वेगळे, दिवा वेगळा. संगणकाकडून येणाऱ्या संकेतात चित्राची प्रत्येक आडवी रेघ व प्रत्येक पूर्ण चौकट कोठे सुरू होते हे सांगणारे ठोके असतात. ते थांबले, की मॉनिटरही विश्रांती घेतो. ही रीत १९९३ साली ठरविण्यात आली. पंधरा पिनांच्या, बहुधा निळ्या टोकाच्या व्ही.जी.ए. केबलवर ती आजही चालते. ही केबल स्वतः १९८७ सालची आहे. एच.डी.एम.आय. केबलवर तपशील निराळा, परंतु तत्त्व तेच : संकेत थांबला की पडदा निजतो.

कळ दाबताच सारा क्रम उलट घडावा लागतो. पेटी जागी होते, तिच्यातील ग्राफिक्सचा भाग पुन्हा सज्ज होतो, संकेत केबलमधून येतो, मॉनिटर तो ओळखतो, आणि शेवटी पडद्यामागील प्रकाश लागतो. जुन्या यंत्रास यासाठी अर्धा मिनिटही लागू शकतो. तेवढा धीर धरावा. यांपैकी कोठेही अडले तरी पाहणाऱ्यास एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे काळा पडदा. लक्षण एक आणि कारणे अनेक, अशी ही स्थिती असल्यामुळेच ती अध्यापनास उत्तम विषय ठरते. (ज्या पेटीस आपण सर्रास सी.पी.यू. म्हणतो, तिच्यातील एका चिपचेच ते नाव आहे. परंतु रूढ शब्द बदलण्याचा आग्रह या पाठात धरू नये. त्यात वेळ जातो आणि निष्पन्न काही होत नाही.)

आता पाठाकडे वळू. पूर्वतयारी म्हणून शिक्षकांनी आपल्याच यंत्राचे निरीक्षण करून एक तक्ता लिहून ठेवावा : चित्र दिसत असताना मॉनिटरचा दिवा कोणत्या रंगाचा, संकेत नसताना कोणत्या रंगाचा, आणि तो स्थिर की लुकलुकता. पुष्कळ मॉनिटरांत चित्र असताना दिवा निळा, हिरवा वा पांढरा असतो आणि संकेत थांबल्यावर पिवळट नारिंगी होतो किंवा लुकलुकू लागतो. परंतु प्रत्येक उत्पादकाची रीत वेगळी असल्यामुळे पुस्तकी तक्ता उपयोगी पडत नाही. हा तक्ता मॉनिटरच्या बाजूस कायमचा चिकटवून ठेवल्यास अधिक बरे.

पूर्वज्ञानासाठी मोबाईल पुरेसा आहे. “मोबाईलचा पडदा काळा आहे, पण घंटी वाजते आहे. मग मोबाईल बंद आहे काय?” या प्रश्नास मुले तत्काळ उत्तर देतात. त्या उत्तरातूनच हेतुकथन करावे : “पडदा काळा असताना संगणक जागा आहे की नाही, हे पडद्याकडे न पाहता कसे ओळखावे, ते आज आपण शिकू.” यानंतर फलकावर तीनच प्रश्न लिहावेत : पेटी जागी आहे काय? संकेत पोचतो काय? प्रकाश लागतो काय?

पहिल्या प्रश्नाची परीक्षा कान आणि बोट यांनी होते. पंखा ऐकावा. मग कीबोर्डवरील नम लॉक ही कळ दाबावी. तिचा लहान दिवा दर दाबण्यास लागत व विझत असेल, तर संगणक जागा आहे, इतकेच नव्हे तर आज्ञाही मानतो आहे. दिवा बदलत नसेल, तर तो निजलेला आहे किंवा अडकला आहे. काही संगणक कीबोर्डने वा माऊसने जागेच होत नाहीत. त्यांचे पेटीवरील मुख्य बटन क्षणभर दाबून सोडावे लागते. येथे एक सावधगिरी मुलांकडून म्हणवून घ्यावी. क्षणभर दाबणे आणि दाबून धरणे यांत मोठा फरक आहे. तेच बटन चार सेकंद वा अधिक दाबून धरल्यास वीजच तुटते, आणि न साठविलेले निकालपत्रक नाहीसे होण्याचा धोका असतो. काळा पडदा दिसताच प्लग ओढणाऱ्यांचेही असेच नुकसान होते.

दुसऱ्या प्रश्नाची परीक्षा मला सर्वांत उपयुक्त वाटते. मॉनिटर त्याच्या बटनाने बंद करावा, मागील संकेताची केबल स्क्रू सोडवून काढावी व मॉनिटर पुन्हा चालू करावा. आजचे बहुतेक चपटे मॉनिटर अशा वेळी ‘नो सिग्नल’ किंवा ‘केबल तपासा’ या अर्थाचा संदेश क्षणभर तरी स्वतःच दाखवितात. हा संदेश संगणकाकडून आलेला नसतो, हे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे. तो दिसला, की मॉनिटर व त्यातील प्रकाश दोन्ही निर्दोष ठरतात, आणि संशय केबलवर वा पेटीवर राहतो. दिवाच लागला नाही, तर विजेची वायर व प्लग पाहावेत. ज्या मॉनिटरास दोन जोडण्या आहेत, तो निद्रेतून उठताना कधी कधी भलत्याच जोडणीकडे पाहत बसतो. त्यावरील सोर्स किंवा इनपुट हे बटन दाबून योग्य जोडणी निवडावी.

तिसरा प्रश्न क्वचितच उद्भवतो, परंतु त्यात विज्ञान आहे. चपट्या पडद्यातील द्रव स्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. मागून येणारा प्रकाश ते अडवितात किंवा जाऊ देतात. तो मागील प्रकाश गेला असता चित्र उमटते, पण दिसत नाही. खोलीत अंधार करून पडद्याशी तिरकी विजेरी धरल्यास त्याच्या पुसट खुणा ओळखू येतात. निरोगी मॉनिटरवर हा प्रयोग दाखविता येत नाही. वर्णन करून सोडावे.

उपयोजनासाठी काम जतन करून, मुले बाहेर असताना, शिक्षकांनी पाळीपाळीने तीन स्थिती निर्माण कराव्यात : संगणक निजविलेला, संकेताची केबल सैल केलेली, मॉनिटरचे बटन बंद केलेले. प्रत्येक गटाने आधी निदान बोलून दाखवावे, कारण सांगावे, आणि मगच हात लावावा. नुसता अंदाज बरोबर निघाला तरी कारण सांगता न आल्यास तो ग्राह्य धरू नये. विजेचे प्लग मुलांनी हाताळू नयेत. मॉनिटर तर शिक्षकांनीही उघडू नये. जुन्या, काचेच्या नळीच्या मॉनिटरांत वीज काढल्यावरही घातक दाब शिल्लक असू शकतो.

काही गोष्टी केवळ शिक्षकांसाठी. नम लॉकचा दिवा बदलतो, केबल घट्ट आहे, तरीही चित्र नाही, अशा वेळी विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकावर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्यात. ग्राफिक्सचा भाग नव्याने सुरू होतो, उघडलेले काम मात्र जात नाही. डिजिटल वर्गात प्रोजेक्टर जोडलेला असल्यास चित्र त्याच्याकडेच पाठविले जात असण्याचा संभव असतो. विंडोज व पी या कळांनी ते परत मॉनिटरकडे वळविता येते. हा दोष वरचेवर येत असेल, तर पॉवर ऑप्शन्समध्ये निद्रेसाठी ‘नेव्हर’ निवडावे व केवळ पडदा दहा मिनिटांनी बंद होईल असे ठेवावे. विजेची थोडी बचत कमी होईल. पण ज्या शाळेत एकच संगणक आहे, तेथे तो हमखास उठणे हे मला अधिक मोलाचे वाटते. शाळा सुटताना तो रीतसर बंद करावाच. दोष आल्यानंतर मात्र ‘शट डाऊन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ करावे, कारण विंडोजच्या या आवृत्त्यांत शट डाऊन करताना प्रणालीचा काही भाग साठवून ठेवण्याची सोय असते, व तोच बिघडलेला भाग दुसऱ्या दिवशी परत येऊ शकतो.

एवढे करूनही यश न आल्यास केंद्रप्रमुखांमार्फत तक्रार पाठवावी. ‘संगणक बंद’ एवढेच न लिहिता पुढीलप्रमाणे लिहावे : “मॉनिटरचा दिवा पिवळा व लुकलुकता. पेटीचा पंखा चालू. नम लॉकचा दिवा दाबताच बदलतो. केबल काढल्यावर मॉनिटरवर संदेश येतो. दुसरी केबल लावून पाहिली, फरक नाही. रीस्टार्ट केल्यावर चित्र येते; दोष निद्रेतून उठतानाच दिसतो.” एवढ्यावरून दुरुस्ती करणाऱ्यास मॉनिटर निर्दोष असल्याचे कळते, आणि तो उचलून तालुक्यास नेण्याचा खर्च वाचतो. टिपणाची एक प्रत नोंदवहीत त्या संगणकाच्या नोंदीसमोर तारखेसह चिकटवावी. निर्लेखनाचा प्रस्ताव पुढे कधी आलाच, तर प्रथम तीच पाहिली जाईल.