आधी दगड, मग मोटर

घरच्या घरी दगड पॉलिश करायचं यंत्र, म्हणजे टंबलर, करायचं म्हटलं की जो तो पहिल्यांदा मोटरची चौकशी करतो. किती वॅटची, कुठे मिळाली, केवढ्याला पडली? खरं तर यंत्राचं काम सगळ्यात सोपं. मिरजोळे एमआयडीसीत शाफ्ट कापून मिळतो, बेअरिंग बाजारात मिळतं, पीव्हीसी पाइपचा तुकडा कुठल्याही प्लंबरकडे पडलेला असतो. घोडं अडतं ते ड्रममध्ये काय भरायचं, इथे. आणि रत्नागिरीत ते जरा जास्तच अडतं.

आपल्या पायाखाली मुख्यतः दोन दगड: जांभा आणि काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. जांभ्याचा चिरा घराला उत्तम, पण ड्रममध्ये त्याचा तांबडा चिखल होतो. भाट्याच्या किनाऱ्यावरचे किंवा काजळी नदीच्या पात्रातले काळे गोटे ओले असताना असे देखणे दिसतात की पिशवी भरूनच माणूस घरी येतो. वाळले की ते राखाडी पडतात. घोटून गुळगुळीत होतात, पण चकाकी धरत नाहीत.

काळ्या पाषाणाचा खरा त्रास वेगळाच आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची बारीक छिद्रं दगडात राहिली. माझ्या पहिल्या घाण्यात काळे गोटे आणि गारगोट्या एकत्र होत्या. दगड घासायची भरड पूड त्या छिद्रांत जाऊन बसली, आणि दगड धुऊन धुऊन हात दुखले तरी निघाली नाही. शेवटच्या पॉलिशच्या वेळी ती सुटून बाहेर आली. गारगोट्या काढून भिंगाखाली धरल्या, तर प्रत्येकीवर ताजे ओरखडे. एका काळ्या गोट्याचं छिद्र टाचणीने टोकरलं, तेव्हा पहिल्या टप्प्यातले चमकणारे काळे कण बोटावर आले. महिन्याभराची मेहनत त्या चार कणांनी वाया घालवली.

म्हणून पहिला नियम: एका घाण्यात एकाच कडकपणाचे, भेगा-छिद्रं नसलेले दगड. परीक्षा सोपी आहे. पेननाईफच्या पात्याने दगडावर ओरखडा उठला तर तो बाजूला ठेवायचा. पोलादाचा कडकपणा मोह्सच्या मोजपट्टीवर साडेपाचच्या आसपास, गारगोटीचा 7, अकीकाचा साडेसहा ते 7. बेसाल्टच्याच पोकळ्यांत अकीक तयार होतो आणि झिओलाइटही. पण स्टिल्बाइटसारखे झिओलाइट आणि त्यांच्यासोबत मिळणारं अपोफिलाइट यांचा कडकपणा साडेतीन ते पाचच. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड ठेवलेले असले स्फटिक कुणाला सापडले, तर त्यांना ड्रमची हवाही लागू देऊ नये. त्यांचं सौंदर्य त्यांच्या कंगोऱ्यांत असतं, आणि टंबलर आधी कंगोरेच खातो.

दुसरा प्रश्न मला हमखास विचारला जातो: "एवढा समुद्र आहे, मग पूड विकत कशाला घेता? वाळू घाला की!" मिऱ्या-काळबादेवीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, त्याचा कडकपणा पाच-सहा. ते गारगोटीला काय कापणार? साध्या वाळूतले गारेचे कण गारगोटीइतकेच कडक, शिवाय लाटांनी गोल झालेले. वीज जळते, दगड तसेच राहतात. पूड सिलिकॉन कार्बाइडचीच हवी. दुकानात ती कार्बोरंडम या नावाने मिळते. क्रम असा: 60/90, मग 120/220, मग 500, आणि शेवटी सिरियम किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइडचं पॉलिश. अर्धा किलो दगडांना दोन मोठे चमचे पूड, पाणी वरच्या थराच्या जरा खाली, आणि प्रत्येक टप्प्याला साधारण आठवडा.

आता यंत्र. 110 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घेतला की त्यात दीड किलोच्या आसपास दगड बसतात. ड्रम दोन-तृतीयांश भरायचा. अर्ध्याहून कमी भरला तर दगड एकमेकांवर आपटून फुटतात, गच्च भरला तर हलतच नाहीत. वेगाचं गणित कागदावर करूनच पुली घ्या. मोटर 1440 फेऱ्यांची, तिच्यावर 2 इंची पुली, ड्रम ज्यावर फिरतो त्या रोलरच्या शाफ्टवर 12 इंची. रोलर 240 फेऱ्या फिरतो. रबरी नळी चढवलेला रोलर 20 मिलिमीटरचा असेल, तर ड्रम मिनिटाला 44 फेऱ्या घेतो. एवढ्या ड्रममध्ये 130च्या पुढे गेलात की दगड भिंतीला चिकटून गरगरतात, घासले जातच नाहीत. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहिलं की काम होतं.

मिक्सरची किंवा शिलाई मशीनची मोटर लावू नका. ती थोडा वेळ चालून थांबण्यासाठी असते, रात्रंदिवस चालली की तापून जळते. सतत चालणारी, शक्यतो छोटी गिअरची मोटर घ्या. तिचा वेग आधीच कमी असतो, म्हणून पुलीचं गणित नव्याने मांडा. 40 वॅटची मोटर दिवसाला एका युनिटच्या आतच वीज खाते. पट्ट्यावर जाळी हवीच. मुलांची बोटं आणि ओढणीचं टोक नेमकं तिथेच जातं. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचं ईएलसीबी यांत काटकसर नको. पावसाळ्यात पडवीत ओल असते आणि ड्रम कधी ना कधी गळतोच. खाऱ्या हवेसाठी बेअरिंगही बंद तोंडाचं घ्या.

पीव्हीसीचा आवाजही भलता. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "रात्रभर काय दळताय हो?" आतून जुन्या टायरच्या ट्यूबचं अस्तर लावलं, तेव्हा त्यांना झोप लागली. धातूचा डबा वापरू नका. त्यातही अॅल्युमिनियमचा अजिबात नको, कारण त्यातून हायड्रोजन सुटतो. पीव्हीसीतही वायू साठू शकतो, म्हणून रोज एकदा झाकण सैल करा.

खरं काम धुण्याचं. दोन टप्प्यांच्या मध्ये दगड, ड्रम, झाकणाची खाच, स्वतःची नखंसुद्धा ब्रशने घासायची. जमलं तर पॉलिशला ड्रमच वेगळा ठेवा. गाळ मोरीत ओतू नका. तो पाइपात सिमेंटसारखा बसतो. बादलीत निवळू द्या, पाणी झाडाखाली ओता आणि गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

ओला असतानाच, यामागे कारण आहे. खंबातला अकीकाचे मणी करण्याचा धंदा फार जुना. तिथे मणी, कुरुंदाची पूड आणि पाणी चामड्याच्या पिशवीत घालून दोन माणसं ती पिशवी दिवसेंदिवस इकडून तिकडे लोळवत. पुढे मोटरचे ड्रम आले. पण त्याच खंबातमध्ये अकीक कोरडा घासताना उडणाऱ्या धुळीमुळे कारागिरांची फुप्फुसं सिलिकोसिसने गेली. हा आजार बरा होत नाही. ड्रममधलं काम ओलं, म्हणून सुरक्षित. वाळलेला गाळ झाडूने उडवला किंवा दगड कोरडाच ग्राइंडरवर धरला, की तीच धूळ आपल्या घरात. दगड कापायचा तर पाणी सोडूनच.

एवढं वाचूनही हौस टिकली असेल, तर क्रम उलटा धरा. आधी चाकूच्या परीक्षेला उतरलेले, छिद्रं नसलेले दीड किलो दगड जमवा. रत्नागिरीत त्याला वेळ लागेल. घाटावरच्या नदीपात्रांत अकीक शोधावा लागेल, नाहीतर खंबातचा कच्चा माल विकत घ्यावा लागेल. मग पूड आणा, सगळ्यात शेवटी मोटर. दगड जमलेच नाहीत तर मोटरचे पैसे तरी वाचतील.