जागा धरलीय काय?

बेळगावहून निपाणीला जाणाऱ्या बसमध्ये मी खिडकीजवळच्या सीटवर रणजित देसाईंची ‘स्वामी’ ठेवली आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसलो. अमेरिकेत २००१ साली ‘बुकक्रॉसिंग’ नावाचा प्रकार सुरू झाला. वाचलेलं पुस्तक बागेत, स्टेशनात सोडायचं, सापडेल त्यानं वाचून पुढं सोडायचं. ते वाचून माझ्या डोक्यात किडा शिरला होता. कादंबरीही मुद्दाम निवडलेली. देसाई इथल्याच कोवाडचे, आणि तिच्यातल्या माधवराव पेशव्यांच्या हैदर अलीवरच्या स्वाऱ्या याच कर्नाटकात झालेल्या.

बस भरत गेली. चढणारा प्रत्येकजण पुस्तक बघायचा आणि पुढं सरकायचा. आपल्याकडं सीटवर रुमाल, टोपी, पिशवी, काहीही ठेवलं की जागा धरली. एवढं साधं मला सुचलं नव्हतं. यमकनमर्डीला एक आज्जी बुट्टी घेऊन चढल्या. त्यांनीही पुस्तकाकडं बघितलं आणि दांडा धरून उभ्या राहिल्या. शेवटी कंडक्टर ओरडला, “यारदरी इदु?” माझं म्हणावं तर खेळ संपला, गप्प बसावं तर आज्जी उभ्या. मी गप्प बसलो, याची अजून लाज वाटते. त्यानं पुस्तक उचलून काखेत मारलं आणि आज्जींना बसवलं.

निपाणीत उतरल्यावर खरी चुटपुट लागली. प्रत वडिलांची होती. पहिल्या पानावर त्यांची सही, थेऊरच्या प्रकरणात पेन्सिलीच्या रेघा. तिसऱ्या दिवशी आगारात गेलो. पुस्तक चिठ्ठी लावून नीट ठेवलेलं. “अर्ज द्या, घेऊन जावा.” मग ‘बसमध्ये पुस्तक विसरलो’ असं धडधडीत खोटं लिहून सही केली.

तेव्हा ट्यूब पेटली. भला माणूस सापडलेली वस्तू जमा करतो. घरी नेतो तो बहुधा रद्दीवाला. त्यामुळं पुस्तक सोडायचंच असेल तर चिठ्ठी आत नको, मुखपृष्ठावर हवी: हे विसरलेलं नाही, तुमच्यासाठी ठेवलंय, घरी न्या. आणि ती मराठी-कन्नड दोन्हीत. इथं मराठी कळणारे पुष्कळ, वाचणारे सगळेच नाहीत. वडिलांची सही असलेलं पुस्तक मात्र कपाटातच बरं. सोडायला जुन्या बाजारातली दुसरी प्रत घ्या. १९६२ पासून छापली जाणारी कादंबरी आहे, मिळते. मोबाइल नंबर तर घालूच नका. मी एकदा घातला, रात्री अकराला फोन, “आणि काय काय विकायला आहे?”

दुसऱ्या खेपेला ‘श्रीमान योगी’ बागेतल्या बाकावर ठेवली. माझ्या प्रतीच्या मुखपृष्ठावर महाराज. दहा मिनिटांत दोन पोरं आली. “काका, महाराजांचा फोटो असा बाकावर? कुणी पाय लावला म्हणजे?” पोरांचं चुकलं नव्हतं. ऐतिहासिक कादंबरी ही आपल्याकडं नुसती कादंबरी नसते, आणि सीमाभागात तर नाहीच. एक नोव्हेंबरला इकडं राज्योत्सव, तिकडं काळा दिवस. त्या आठवड्यात हे असले उद्योग नकोतच. मग वाटलं, खाकी कागदाचं कव्हर घालावं. घातलं. एका बसस्थानकावर (नाव सांगत नाही) त्या बेवारस पुडक्याभोवती रिंगण धरून माणसं उभी राहिली, आणि होमगार्ड काठीनं ते हळूच ढकलून बघू लागला. पुढं होऊन “माझंच आहे” म्हणताना कपाळाला घाम फुटला होता.

साताऱ्याकडच्या भिलारला २०१७ साली ‘पुस्तकांचं गाव’ झालं, तिथं पुस्तकं लोकांच्या घरांत ठेवली आहेत. म्हणजे डोक्यावर छप्पर आणि शेजारी माणूस. उघड्यावर ठेवायला आपला पाऊसही परवानगी देत नाही. जूनपासून चार महिने बेळगावात बाकावर फक्त पाणी बसतं. म्हणून आता मी जागा नाही, माणूस शोधतो. गिरणी, चहाची टपरी, दवाखान्यातला कंपाउंडर. आधी विचारायचं, मग ठेवायचं. देवळात ठेवू नका. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू वाहिलेलं सापडतं, उघडलेलं नाही.

सगळ्यात चांगलं जमलं ते निपाणीतल्या एका सलूनमध्ये. पेपर वाचत नंबर लावून बसणारी माणसं तिथं आयतीच असतात. सलूनवाल्याकडं ‘स्वामी’ची जुनी प्रत दिली. परवा दाढीला गेलो तेव्हा उघडून बघितली. आत तीन खुणा. सुरुवातीला कुठंतरी काडेपेटीतली काडी, मध्यावर चिकोडीचं तिकीट, शेवटाकडं बिडीच्या बंडलाचा कागद.

“तिघं वेगवेगळे हाईत सर,” वस्तरा पुसत तो म्हणाला. “काडीवाला मागं पडलाय. महिना झाला, आलाच न्हाई कटिंगला.”